उलट्या रेषांची फळी

माझ्या बायकोने आयुष्यात कधी रंधा हातात धरला नाही, पण रंधा चुकतोय हे तिला माझ्याआधी कळायचं. माझा कारखाना म्हणजे घराची मागची खोली, मधे एक भिंत आणि पलीकडे तिचं स्वयंपाकघर. लाकडाचे रेषे एका दिशेने असले की रंधा सरसर जातो. पण काही फळ्यांत रेषे मधेच उलटतात. तिथे फळी फिरवून दुसऱ्या टोकाकडून रंधा मारायचा, नाहीतर पातं रेषे उपटून काढतं आणि फळी ओरबाडल्यासारखी दिसते. मी आपला तंद्रीत. आवाज जरा खरखरला की पलीकडून हुकूम सुटायचा, "अहो, फिरवा!" दुसऱ्यांदा सांगावं लागलं तर अहो-जाहो गुंडाळून ठेवून, "अरे फिरव ना, बहिरा आहेस का?" गिऱ्हाईक समोर असलं तरी! मी चिडायचो. म्हणायचो, "ये, तूच मार रंधा."

गेली दोन वर्षं ती कुणालाच ओळखत नाही. लेकीला नर्स समजते. मला काय समजते कोण जाणे. घास भरवला तर खाते, एवढंच. "बाबा, मान्य करा आता," लेक म्हणते. पण मी पहिल्यापासून हट्टी.

काल दुपारी बायकोची खुर्ची मागच्या खोलीत आणली. शिसवाची एक फळी मी अकरा वर्षं जपली होती. तिचे रेषे असे उलटसुलट, की भल्याभल्यांनी हात टेकावेत. सुरुवातीला रंधा नीट मारला. मग मुद्दाम उलटा. खर्र. तिच्याकडे पाहिलं. पुन्हा खर्र. पातं आणखी बाहेर काढलं. रेषे तुटून उडायला लागले, फळीला खड्डे पडले. पन्नास वर्षांत इतकं घाण काम मी केलं नव्हतं. मनात एकच चाललं होतं, ओरड ना गं, एकदा तरी ओरड, वाटेल ते बोल मला.

ओरडली ती लेक. धावतच आली. "बाबा! अहो, चांगल्या फळीची वाट लावताय!"

"तुला कुणी विचारलं?" मी खेकसलो.

तेवढ्यात बायकोने मान वर केली. माझा हात थांबला. तिने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घरी कामाला आलेल्या माणसाशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "छान चाललंय हो तुमचं. हात चांगला आहे."

लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला रडू फुटलं आणि ते मी लपवलं नाही.

"थांबलात का?" बायको म्हणाली. "चालू द्या. ऐकायला बरं वाटतं."

मी रंधा उचलला आणि तिचा डोळा लागेपर्यंत उलटाच मारत राहिलो.