तीन रिंगा

अहवाल पाठवला की सुटलो, असं ज्यांना वाटतं त्यांनी आयुष्यात कधी अहवाल पाठवलेला नसतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. ज्यांना पाठवला त्यांच्या मागे लागायचं, आणि तेही मागे लागलोय असं न दाखवता.

आमच्या संस्थेचा कार्यक्रम तसा साधा. शहरात एकट्या राहणाऱ्या दोनशे बारा म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी नऊ ते अकरा या वेळात फोन करायचा आणि बरे आहात ना, एवढंच विचारायचं. बोलणं झालं की तक्त्यातल्या पहिल्या रकान्यात खूण. काही दुखतंखुपतं असेल तर तिसऱ्या रकान्यात, मग आमची नर्स घरी जाते. मधला रकाना 'बाहेर'. तीन रिंगांत फोन उचलला नाही तर पंधरा मिनिटांनी पुन्हा तीन रिंगा द्यायच्या, आणि तरीही नाही उचलला तर माणूस बाहेर गेलंय असं धरायचं. फोन करणारे सहाजण, दोन तास, दोनशे बारा फोन. त्याहून जास्त रिंगा परवडत नाहीत. हा नियम मी केला होता आणि मला त्याचा अभिमानही होता.

अहवाल चौतीस पानांचा. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत, 'शहाण्णव टक्के सभासद सुखरूप'. गेल्या सोमवारी तो सातजणांकडे गेला. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत सातही जणांचा लेखी अभिप्राय आला नाही तर पुढच्या वर्षाची मंजुरी नाही. मंजुरी नाही म्हणजे एक तारखेपासून फोन बंद. दोनशे बारा घरांत सकाळी नऊ वाजता काहीच वाजणार नाही.

तर मी लागले मागे. मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेविका म्हणाल्या, "वाचतेच आहे," आणि त्यांच्या आवाजावरून कळलं की मेलसुद्धा उघडलेली नाही. देणगीदार संस्थेच्या मॅडमनी 'धन्यवाद' एवढंच कळवलं, ते अभिप्राय म्हणून धरायचं की निरोप म्हणून, या विचारात माझी एक रात्र गेली. आरोग्य अधिकाऱ्यांच्या कारकुनाचं उत्तर ठरलेलं, "साहेब जागेवर नाहीत." सहा दिवसांत साहेब एकदाही जागेवर नव्हते. घरी मी जेवतानासुद्धा फोन ताटाशेजारी ठेवायचे. माझी मुलगी म्हणाली, "आई, तो घास मागतोय का बघ." नवरा हसला. मी दोघांवरही उखडले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा एकदा मेल उघडून पाहिली.

बुधवार संध्याकाळपर्यंत पाच अभिप्राय पदरात पडले होते. उरले होते दोघं, आरोग्य अधिकारी आणि तराजूकाका.

तराजूकाका म्हणजे सभासदांचे प्रतिनिधी. नोकरीत असताना ते वजनमापं तपासायचे. गिऱ्हाईक बनून दुकानात जायचे, किलोभर साखर घ्यायचे, बाहेर येऊन आपल्या काट्यावर तोलायचे आणि मग आत जाऊन ओळख सांगायचे. "सांगून गेलं की प्रत्येकाचा काटा खरा असतो," हे त्यांचं पेटंट वाक्य. ते मेल बघत नाहीत म्हणून त्यांना छापील प्रत पोचवली होती. दरवर्षी त्यांचा अभिप्राय सगळ्यांत आधी यायचा, आणि सगळ्यांत लांब. या वर्षी चिठ्ठी नाही, फोन नाही. मंगळवारी आणि बुधवारी मी स्वतः त्यांना फोन लावला. तीन रिंगा, मग ठेवला. माणूस हिंडता-फिरता, वाचनालयात बसला असेल. खरं सांगायचं तर मी त्यांची चिंता केलीच नाही. माझा जीव टांगणीला लागला होता तो अधिकाऱ्यांपायी.

गुरुवारी दुपारी मी साहेबांच्या थेट नंबरवर फोन लावला. तीन रिंगा झाल्या. मी फोन ठेवला आणि पाठपुराव्याच्या यादीत त्यांच्या नावापुढे सवयीने लिहिलं, 'बाहेर'.

लिहून झाल्यावर पेन तसंच थांबलं. साहेब बाहेर होते कशावरून? मला काय माहीत? त्यांनी उचलला नाही, एवढंच मला माहीत होतं. त्याच्या वरच्या ओळीत तराजूकाका. त्यांच्यापुढे माझ्याच अक्षरात दोनदा, बाहेर, बाहेर.

मी फोनच्या खोलीत गेले. तिथे रोज नवा तक्ता असतो आणि रोज स्वयंसेवकांची नवी तुकडी. सोमवारची माणसं मंगळवारचा तक्ता बघत नाहीत, बघायचं कारणच नसतं. मी मागचे सगळे तक्ते टेबलावर ओळीने मांडले आणि तराजूकाकांच्या नावावरून बोट फिरवत गेले. गेला मंगळवार, बाहेर. बुधवार, बाहेर. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. आजचा दिवस धरून दहा खुणा, सगळ्या मधल्या रकान्यात, वेगवेगळ्या दहा हातांनी सुबक केलेल्या.

तक्ते पिशवीत कोंबले आणि टॅक्सी केली. वाटेत त्यांना फोन लावत राहिले. या वेळी ठेवला नाही, वाजवत राहिले. चालक आरशातून बघत म्हणाला, "ताई, उचलत नाहीत वाटतं. बाहेर गेले असतील." मी त्याच्या अंगावर जवळजवळ ओरडलेच.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यापासून, सांगायला लाज वाटते, मी वास घ्यायला लागले होते. दहा दिवस म्हणजे काय होतं ते आमच्या नर्सने एकदा सांगितलं होतं. मी दारावर दोन्ही हातांनी धपाधपा मारलं.

"उघडंच आहे," आतून आवाज आला.

तराजूकाका टेबलाशी बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा. समोर माझा अहवाल, त्याशेजारी फोन. त्यांनी घड्याळ पाहिलं, अहवालाच्या समासात काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "या, अहवालवाल्या बाई. दहावा दिवस. दुपारचे तीन वीस."

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वयाचा मान वगैरे सगळा खुंटीला टांगला. लाज नाही वाटत का, इथपासून सुरुवात केली आणि मध्येच रडायला लागले. त्यांनी उठून पाण्याचा पेला आणून दिला.

"दुकानदारसुद्धा असेच चिडायचे," ते म्हणाले. "काटा तपासला की."

"म्हणून मुद्दाम उचलला नाहीत? काका, मला वाटलं तुम्ही..."

"पान एकोणीस." त्यांनी अहवाल माझ्याकडे सरकवला. "बोलणं झालं, ब्याऐंशी टक्के. बाहेर, चौदा टक्के. आणि पहिल्या पानावर सुखरूप शहाण्णव. म्हणजे तुम्ही बाहेरचे सगळे सुखरूपात टाकलेत. कुणी सांगितलं तुम्हाला ते सुखरूप आहेत म्हणून?"

बेरीज मीच केली होती. करताना एकदाही हात अडखळला नव्हता.

"मी म्हटलं, बघू या," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी वाटलं, संध्याकाळपर्यंत कुणीतरी येईल. स्वच्छ सदरा घालून बसलो. वाजत्या फोनवर हात ठेवून नुसतं बसायचं फार अवघड असतं हो. आपल्यालाच बोलवतोय तो." त्यांनी फोन थोडा लांब सरकवला. "चार-पाच दिवस मी तपासनीस होतो. मग नाही राहिलो. सहाव्या दिवशी नुसतं कुणीतरी यावं असं वाटत होतं. पण आता उचलला तर कळायचंच नाही, म्हणून हट्टाने बसलो."

मी खाली बघत होते. या माणसावर चिडायचा माझा हक्क कधीच संपला होता.

मग त्यांनीच पिशवीकडे बोट दाखवलं. "तक्ते आणलेत? मी तर नाटक करत होतो. खरे किती आहेत ते बघा."

आम्ही दोघांनी टेबलावर तक्ते पसरले. ओळीने चार दिवसांहून जास्त 'बाहेर' असलेले, काका सोडून, चारजण निघाले. काकांनी काठी घेतली. पहिल्या घराला कुलूप होतं, शेजारीण म्हणाली की लेकीकडे गेल्यात, महिना झाला. दुसऱ्या गृहस्थांनी नंबर बदलला होता, आम्हाला कळवायचं राहून गेलं होतं. तिसरे खरंच रोज सकाळी फिरायला जात होते आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "एवढं काय झालं?" मला जरा हायसं वाटायला लागलं. मनातल्या मनात मी चौदा टक्क्यांची बाजू मांडायलाही सुरुवात केली होती.

चौथं दार उघडायला फार वेळ लागला. आत काहीतरी सरकत असल्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. कपडे शिवून देणाऱ्या एक आजी होत्या. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर, एका हाताने खुर्ची पुढे ढकलत आलेल्या. डोळे खोल गेले होते. पडल्याला सात दिवस झाले होते. शेजारच्यांनी दवाखान्यात नेऊन आणलं आणि दुसऱ्याच दिवशी ते कुटुंब गावाला गेलं. घरात पाव आणि बिस्किटं होती, तीही काल संपली होती.

"आजी, आम्ही रोज फोन करत होतो," मी म्हणाले.

"ऐकू येतो ना," आजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "रोज निघते मी पलंगावरून, फोन बाहेरच्या खोलीत. शिलाई मशीनपाशी पोचते तोवर बंद होतो. पुन्हा वाजतो तेव्हा मी दम खाऊन परतीच्या वाटेवर असते. काल दाराच्या चौकटीपर्यंत आले होते. तुम्ही लोक फार घाईत असता."

काकांनी पलंगापासून फोनपर्यंत पावलं मोजली, मग घड्याळ काढून माझ्याकडून फोन वाजवून घेतला आणि आजींना विचारून विचारून हिशेब केला. आजींना फोनपर्यंत यायला चौदा रिंगा लागत होत्या. मी नर्सला बोलावलं. फोन पलंगाजवळ घ्यायला गेले तर तार पोचेना. ती लांब करायला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता.

संध्याकाळी मी काका सोडून बाकी सहाही जणांना कळवलं की अहवाल मागे घेत आहे, शहाण्णव हा आकडा चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे. अकरा दिवस मी ज्यांच्या मागे लागले होते त्या सगळ्यांचे अर्ध्या तासात फोन आले. साहेबही जागेवर सापडले. देणगीदार मॅडम म्हणाल्या, "मग मंजुरीचं आता सांगता येणार नाही." ते मला ठाऊक होतं. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून मी दहा मिनिटं बसले होते, ते त्याच भीतीने.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी फोनच्या खोलीत स्वतः बसले. पहिला नंबर आजींचा लावला. एक. दोन. तीन. तिसऱ्या रिंगेला माझा हात आपोआप खाली यायला निघाला, तो मी दुसऱ्या हाताने धरला. शेजारचे स्वयंसेवक बघायला लागले. आठ. नऊ. रात्री नर्स जेवण देऊन आली होती, ठीक आहेत म्हणाली होती. अकरा. पण ते रात्री. बारा. आता त्या चौकटीपाशी असतील. तेरा. चौदा. पंधरा. सोळा.

"आले गं, आले," पलीकडून धापा टाकत आवाज आला. "ठेवू नकोस."