पाठमोरा नवरदेव

इसरच्या चित्रांतल्या नवरदेवाला तोंड कधीच नसायचं. नवरी मी. नाक, हनुवटी, गालावरची चामखीळसुद्धा हुबेहूब. नवरदेव मात्र दर वेळी पाठमोरा. पॅरिसमधले दर्दी त्यावर फिदा होते. 'परागंदा माणसाचं प्रेम' वगैरे लिहायचे. लिहिणाऱ्यांचं काय जातं!

आम्ही दोघं पोलंडमधल्या विल्ना शहरातले ज्यू. युद्धात मी ताश्कंदला पळाले. माझा नवरा झुसमन मागे राहिला, तो परत दिसलाच नाही. तो मेल्याचा साक्षीदार नाही, म्हणून आमच्या धर्माप्रमाणे मी विधवासुद्धा नव्हते, दुसरं लग्नही करता न येणारी, नुसती अडकलेली. युद्धानंतर चार वर्षं पॅरिसच्या बेलव्हिल वस्तीत पोलंडहून जो कोणी नवा येई त्याला झुसमनचा फोटो दाखवत हिंडले. संध्याकाळी इसर माझ्याकडे बार्लीचं सूप प्यायला यायचा. आमचं जुळलंय हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण त्याने माझ्या बोटालाही कधी बोट लावलं नाही.

शेवटी मीच वैतागले.

"इसर, पस्तिशी उलटली माझी. चल, मेयरच्या कचेरीत सह्या करू. रब्बी गेले खड्ड्यात."

"आणि पोरं झाली तर? पाप त्यांच्या माथी? माझा बाप पवित्र पोथ्या लिहायचा, पेस्या."

"मग जन्मभर सूपच पिणारेस का?"

त्याने चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, "झुसमन मेला. त्रेचाळीसच्या हिवाळ्यात, जंगलात. मीच पुरला त्याला. नवरदेवाचा चेहरा काढायला घेतला की त्याचाच येतो."

मी पळी फेकून मारली. कपाळावर लागली. बरं झालं.

"चार वर्षं मी दारोदार फोटो दाखवत फिरले आणि तू बघत बसलास? का रे मेल्या?"

"वाटलं, दुसरा कोणी साक्षीदार मिळेल."

"दुसरा कशाला? तुझी जीभ झडली होती?"

"उद्या रब्बींकडे चल. कळेल."

दुसऱ्या दिवशी तीन पंचांसमोर त्याने साक्ष दिली. म्हातारे रब्बी म्हणाले, "बाई, तू मोकळी झालीस. कुणाशीही लग्न कर."

मी इसरकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. रब्बी खाकरले. "याच्याशी मात्र नाही. ज्याच्या एकट्याच्या शब्दावर बाई मोकळी होते, त्याला तिच्याशी लग्न करता येत नाही. लोक म्हणतील, तिच्यासाठीच बोलला."

"आणि चार वर्षं माझ्यासाठी गप्प बसला, त्याचं काय?"

"त्याबद्दल नियम नाही, बाई."

जिन्यावर मी इसरची बाही धरली. "तुला हे आधीपासून माहीत होतं."

"तेव्हाच बोललो असतो तर तू तेव्हाच दुसऱ्या कुणाच्या घरी गेली असतीस. आता निदान मोकळं तरी केलं ना तुला?"

वा! उपकारच झाले. मी बाही सोडली आणि एकटीच घरी आले.

रब्बींनी सांगितलं होतं, बातमी जुनी आहे, सात दिवस सुतक नको, तासभर पुरे. मी बूट काढले आणि जमिनीवर बसले. झुसमन भला माणूस होता, तो तास त्याच्या हक्काचा होता. पण रडू आलं ते इसरसाठी, आणि तो तर दोन गल्ल्या पलीकडे जिवंत होता.