क्लूनबेगचा मोठा ढोल

सेंट पॅट्रिकच्या सणाला दोन दिवस उरले होते आणि बाबा स्वयंपाकघरात शेगडीपाशी ढोल घेऊन बसले होते. आमच्याकडची मार्चची हवा अशी की भिंतींनाही ओल सुटते, तिथे बकऱ्याच्या चामड्याची काय कथा. म्हणून सणाआधीचा आठवडाभर मिरवणुकीच्या बँडचा मोठा ढोल आमच्याकडे शेकायला असायचा. आई होती तेव्हा कुरकुरायची की या घरात माझ्यापेक्षा ढोलाला जास्त ऊब मिळते. ती गेली, आणि मग शेगडीजवळची तिची जागाही ढोलालाच मिळाली.

"धर गं जरा, एथ्ना."

मी पुस्तक पालथं टाकून उठले आणि ढोलाची कड गुडघ्यांत धरली. बाबा दोऱ्यांवरच्या चामडी वाद्या एकेक करून खाली ओढत होते. प्रत्येक वादीनंतर थांबत होते, जणू काही विचार करतायत. विचार नव्हता तो, श्वास होता.

"डॉक्टरनं काय सांगितलंय तुम्हाला?"

"पायऱ्या चढू नका म्हणाला. आता क्लूनबेगच्या रस्त्यावर पायरी कुठे आहे, तू मला दाखव."

"ढोल गळ्यात घेऊन चर्चपासून पुलापर्यंत जायचं, आणि परत यायचं."

"येताना उतार आहे," बाबा म्हणाले. मग पुढची वादी ओढून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, "यंदाचं शेवटचं. पुढच्या वर्षी कोल्मन."

कोल्मन माझा धाकटा भाऊ. तो आणि बाबा मिळून गुरं सांभाळायचे. मी डब्लिनला, एका वाचनालयात, सणासुदीला घरी येणारी.

"कोल्मनला विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय? मला कुणी विचारलं होतं?" ढोल आजोबांनी वाजवला होता, त्यांच्या आधी त्यांच्या काकांनी. त्याच्या अंगावरची सोनेरी वीणा इतक्यांदा रंगवून झाली होती की बोट फिरवलं तर तिच्या तारा हाताला लागायच्या. "हात जड आहे त्याचा. कुंपणाचा खांब ठोकल्यासारखा वाजवतो. पण शिकेल."

बाबांनी टिपरू उचललं आणि एक थाप दिली. फळीवरच्या बशा किणकिणल्या.

"चढला," ते समाधानानं म्हणाले.

"डावीकडे अजून उतरलेला आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डावीकडे हलकेच बोट मारलं, आणि दोन वाद्या आणखी ओढल्या. "कान शाबूत आहेत तुझे," ते म्हणाले. "एवढी पुस्तकं वाचूनसुद्धा."

मग मी चहा केला. उपासाचे दिवस, म्हणून बाबांनी साखर सोडलेली. पॅट्रिकच्या दिवशी उपासातून सुटका असते. बिनसाखरेचा चहा कडू औषधासारखा पिऊन ते म्हणाले, "परवा तीन चमचे घालायचे. आणि ढवळायचं नाही, तळाशी राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वासरांना चारा घालायला गेले ते आलेच नाहीत. कोल्मनला ते गवताच्या गंजीला टेकून बसलेले सापडले. त्यानं मला हाक मारली नाही. तो आत आला आणि हात धुवायला लागला. बराच वेळ धूत राहिला, तेव्हा मला कळलं.

*

बाबांची बहीण अट्रॅक्टा आत्या दुपारच्या आत हजर झाली आणि घर तिनं ताब्यात घेतलं. घड्याळ थांबवलं. आरशावर चादर टाकली. ज्या खोलीत बाबांना ठेवलं होतं तिथली खिडकी उघडली आणि थोड्या वेळानं बंद केली, कारण जो आत्मा जायचा तो गेला असेल आणि बाकीच्यांना थंडी वाजत होती. दफन सणाच्या दुसऱ्या दिवशी ठरलं. तोवर बाबा घरीच, समोरच्या खोलीत, तपकिरी सुटात, बोटांभोवती जपमाळ गुंडाळून. आणि ढोल आत्यानं मागच्या खोलीत लोटला, बटाट्यांच्या पोत्यांशेजारी.

"मयताच्या घरात ढोल बरा दिसत नाही," ती म्हणाली.

आमच्याकडे मयत एकटं ठेवत नाहीत. शवपेटीच्या उशाशी एक खुर्ची असते, ती मुलीची. लोक येतात, शवपेटीवर हात ठेवतात, मग मुलीचा हात हातात घेतात आणि म्हणतात, "वाईट झालं, एथ्ना." सगळे हेच म्हणतात, एवढंच म्हणतात. मी शोकावर बरंच वाचलेलं आहे. त्यात याहून बरं वाक्य मला आठवत नव्हतं, आणि तरी प्रत्येक वेळी ते ऐकलं की मला उठून कुठेतरी जावंसं वाटायचं. मी उठायचे. स्वयंपाकघरात जाऊन धुतलेले कप पुन्हा धुवायचे. परत येऊन बसायचे. पडदा नीट करायला उठायचे.

"एका जागी बस गं बाई," आत्या कानाशी येऊन म्हणाली. "तुझी ये-जा बघून तो उठून बसेल."

"बाबा उठून बसले तर बरंच होईल."

"हो, आणि पहिल्यांदा विचारेल, चहा कुठाय."

सणाचा दिवस उजाडला तसे लोक आणखी वाढले. मिरवणुकीच्या आधी जाऊन येऊ, असा सगळ्यांचा हिशेब. कोटांवर शॅमरॉकची तीन पानांची जुडी लावलेली, पण दारातून आत येताना प्रत्येकाला प्रश्न पडायचा की ती ठेवावी की काढावी. काही जण ती हातानं झाकून यायचे, शपथ घेतल्यासारखे. पोस्टमन बार्टली तर थेट संत पॅट्रिक होऊनच आला. दरवर्षी मिरवणुकीत ट्रॅक्टरवर उभं राहून आशीर्वाद द्यायचं काम त्याचं. हिरवा झगा, काखेत पुठ्ठ्याची उंच टोपी, कापसाची दाढी.

"अरे संत माणसा," आत्यानं त्याला दारातच अडवलं, "ती दाढी तरी काढ."

"डिंकानं चिकटवलीय, अट्रॅक्टा. संध्याकाळपर्यंत निघत नाही."

तो बाबांपाशी गुडघे टेकून बसला. प्रार्थना पुटपुटताना दाढी वरखाली हलत होती. भिंतीकडेला बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी तोंडून हसू निसटलं, मग दुसऱ्याच्या. बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसले असते. मी दूध आणते म्हणून उठले.

दूध मागच्या खोलीत होतं. मी ते घेतलं नाही. मी ढोलाच्या चामड्यावर तळवा ठेवला. थंड, दमट, पीठ मळून ठेवल्यासारखं मऊ. एका दिवसात पार उतरलेलं. मी बोटानं वाजवून पाहिलं तर पोत्यावर बोट मारल्यासारखा आवाज आला. बाहेर रस्त्यावर शाळेची मुलं जमायला लागली होती, कुणीतरी बासरीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटत होतं. घड्याळ बंद, त्यामुळे किती वेळ उरलाय ते कळायला मार्ग नव्हता.

मी ढोल उचलला, खांद्यानं दार ढकललं आणि तो शेगडीपुढे आणून ठेवला. शेगडीत पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, दोन लाद्या टाकल्या. खाली बसून पहिली वादी ओढली.

"हे काय चाललंय?" आत्या हातात सँडविचचं ताट घेऊन उभी होती.

"चामडं उतरलंय."

"उतरू दे. आज त्याला काय काम आहे? मयत घरात असताना घरची वस्तू बाहेर जात नाही."

"हे कुठे लिहिलंय, आत्या?"

"लिहिलेलं तुला माहीत. मी ऐकलेलं सांगते."

कोल्मन खिडकीपाशी उभा होता. कालपासून तो उभाच होता. "काल तू शेजारची किटली परत पाठवलीस की," तो म्हणाला.

"किटली घरची नव्हती."

"ढोल तरी कुठे घरचा आहे? बँडचा आहे."

आत्यानं त्याच्या हातात सँडविच कोंबलं. मी दुसरी वादी ओढली. कुणी मला विचारलं नाही की मी हे का करतेय. मीही स्वतःला विचारलं नाही. हातांना काम मिळालं होतं, आणि पहिल्यांदाच मला उठावंसं वाटत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दारानं जार्लाथ हेसियन आला. बँडचा म्होरक्या, बाबांचा शाळेपासूनचा सोबती. हिरवा कोट, टोपी हातात. तो टोपी गोल गोल फिरवत राहिला. म्हणाला, पाऊस थांबलाय. म्हणाला, वरच्या कुरणात पाणी साचलंय, गुरं तिकडे सोडू नकोस, कोल्मन. म्हणाला, मालकीसारखा माणूस परत होणे नाही. मालकी म्हणजे बाबा. मग चहा घेतला, अर्धा प्यायला, आणि शेवटी मुद्द्यावर आला.

"आम्ही तुमच्या घरासमोरून न वाजवता जाणार. पलीकडच्या वळणापासून ते फाटकाच्या पुढेपर्यंत. तेवढं सांगायला आलो."

ते सांगायची गरज नव्हती. ज्या घरात मयत आहे त्याच्यासमोर बँड वाजवत नाही, बासऱ्या खाली होतात, फक्त पावलं ऐकू येतात. बाबांनी किती घरांसमोर टिपरू बगलेत धरलं होतं.

"आणि ढोल?" कोल्मननं विचारलं.

"ढोलाचं मी काही बोललो नाही, बाळा."

"तोंडानं नाही बोललास," आत्या म्हणाली. "डोळे मघापासून शेगडीकडेच आहेत."

जार्लाथनं टोपी थांबवली. "खरं सांगू? सकाळी ढोलाशिवाय चालून पाहिलं. बासऱ्या नुसत्या सैरावैरा. कोल्हा शिरलेल्या खुराड्यासारखं. पण या घराकडे आज काही मागायचं नाही, असं आमचं ठरलंय."

"मागायला कशाला हवं," कोल्मन म्हणाला. "माझंच काम आहे ते."

तो माझ्याजवळ आला. मी बाजूला सरकले. त्यानं पट्टा गळ्यात घातला, ढोल पोटावर घेतला आणि टिपरू हातात धरून बघत राहिला.

"कुठल्या हातानं वाजवायचे ते?"

"उजव्या," मी म्हणाले.

त्यानं थाप दिली. मग दुसरी. दोन्हींमध्ये अंतर नव्हतं, किंवा होतं ते चुकीचं होतं. तो पुन्हा सुरू झाला, मान खाली घालून, कुंपणाचा एकेक खांब ठोकत. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बाबांना गवतात बघितलेले ते डोळे त्यानं ढोलावरच्या वीणेवर रोवले होते, वर उचलायलाच तयार नव्हता.

"होईल, होईल," जार्लाथ म्हणाला, चेहऱ्यावर काही न दाखवता.

"एथ्ना, तू आत जा बघू," आत्या म्हणाली. "खुर्ची रिकामी आहे."

मी आत गेले. खुर्चीपाशी पोचले आणि बसले नाही. कोल्मनची प्रत्येक थाप भिंतीतून येत होती आणि तिच्या मागोमाग माझ्या मनगटात दुसरीच थाप उमटत होती, बरोबर जागेवरची. एक भारी, दोन हलक्या, मग जागा सोडायची, त्या जागेत बासऱ्या श्वास घेतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी बँडच्या तालमीला मी जिन्यावर पुस्तक घेऊन बसायचे, आणि सगळ्यांना वाटायचं मी वाचतेय. तेव्हा बँडमध्ये मुली नसायच्या. कुणी मला नाही म्हटलं नव्हतं. मीच कुणाला विचारलं नव्हतं. आता निम्म्या बासऱ्या मुलींच्याच हातात असतात. पण त्या आल्या तोवर मी डब्लिनला होते.

भिंतीकडेच्या बायका कप घेऊन माझ्याकडे बघत होत्या. मुलीनं खुर्ची सोडली तर दफनापर्यंत गावाला बोलायला विषय मिळणार, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. बार्टली दाढी खाजवत दाराशी उभा होता.

बाबांचा चेहरा कुणीतरी फार नीट भांग पाडून अनोळखी करून ठेवला होता. मी वाकून तो भांग जरा विस्कटला. स्वयंपाकघरात थाप पुन्हा चुकली, कोल्मन थांबला, आणि त्या शांततेत माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"बाबा, तो ढोल मला हवा होता. कोल्मनला चालताही येत नव्हतं तेव्हापासून मला हवा होता. मी कधी म्हटलं नाही, आणि तुम्ही कधी विचारलं नाही. आता मी तो घेऊन चाललेय. थोडा वेळ आत्या बसेल तुमच्यापाशी. घरासमोर आले की गप्प राहीन. बाकी सगळा रस्ता वाजवीन."