हाकेसरशी उठणारा

मी आकारांचा प्रोग्राम बोलतोय. मला शोधू नका, पडद्यावर माझं चित्र नाही. ज्यानं मला बनवलं त्यानं मला स्वतःचं दारच ठेवलं नाही. राहतो या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या पोटात, पण बोलावणं यायचं ते इंटरनेटच्या पानावरून. त्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे निळ्या अक्षरांत 'आकार उघडा' असं असायचं. त्यावर दाबलं की पान मला हाक मारायचं, माणसाचा नंबर सांगायचं आणि मी उठून त्याचा आकार मांडायचो. आहे की नाही गंमत? घरातल्या घरात असून निरोप परक्याच्या हाती!

ही खोली म्हणजे कृत्रिम पाय बनवायचं वर्कशॉप. इथे पाय गमावलेली माणसं येतात. त्यांच्या उरलेल्या पायाचं कॅमेऱ्यानं माप घेतात, ते माझ्याकडे येतं. त्यावरून मशीन साचा कोरतं आणि साच्यावर प्लास्टिकची वाटी बनते. उरलेला पाय बसतो तो त्या वाटीत. वाटी नीट बसली तर माणूस पायाचं दुःख विसरतो. नाही बसली, तर पावलागणिक त्याला आठवण राहते.

मी आलो तेव्हा माझं काय कौतुक! वर्कशॉपच्या मालकीण मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या, "बघा, इथे दाबलं की तिथे पाय." पहिल्याच दिवशी ब्राउझरनं रीतसर विचारलं, 'हे पान तुमच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम उघडू पाहतंय. उघडू द्यायचा का?' मॅडम वैतागल्या. "आमच्याच घरात आम्हाला विचारणारा हा कोण?" म्हणाल्या आणि 'पुन्हा विचारू नका' वर खूण केली. माणसांना प्रश्न आवडत नाहीत, हे मला तेव्हाच कळलं.

माझ्यासमोर बसायचे ते मास्तर. हाताला भारी गुणी माणूस, खोटं कशाला बोलू? वाटीची कड घासायला लागले की बघत राहावं. पण पडद्यासमोर बसले की त्यांच्या जिवाला नुसती घाई. कॉम्प्युटर जुना, त्यामुळे मला उठायला वेळ लागायचा. म्हणून मास्तरांनी मला बंद करणंच सोडून दिलं. "झोपला की उठत नाही लेकाचा. असू दे उघडा," म्हणायचे. आणि दुसरी खोड त्याहून वाईट. मध्ये प्रश्नाची कुठलीही चौकट आली की न वाचता 'रद्द करा'.

"काय म्हणत होतं ते?" मॅडमनी एकदा विचारलं.

"काही नाही हो. रद्द म्हटलं की कटकट मिटते."

अशी कटकट मिटवता मिटवता एका बाईच्या तोंडचा घास गेला.

ती केस कापायचं काम करणारी. अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. सोबत सासूबाई, जिभेला धार असलेल्या. माप घेताना सून म्हणाली, "मास्तर, मला दिवसभर उभं राहावं लागतं. पार्लरच्या मालकिणीनं महिनाअखेरपर्यंत माझी खुर्ची राखून ठेवलीय. पुढे नाही थांबणार ती."

"हिला घरात बसवू नका हो," सासूबाई म्हणाल्या. "बसली की माझ्या स्वयंपाकात चुका काढते."

सून हसली, मास्तरही हसले. "ताई, पळायला लागाल," म्हणाले.

ज्या दिवशी तिचा साचा कोरायचा होता, त्या दिवशी माझ्यात दुसऱ्याच एका गृहस्थांचा आकार उघडा होता. तोही डावाच पाय, तोही गुडघ्याखाली गेलेला. मास्तर त्याच्यावर काम करत होते, ते अर्ध्यात टाकून जेवायला गेले. परत आले आणि पानावर बाईच्या नावापुढे 'आकार उघडा' दाबलं. हाक आली. नंबर कळला. पण हातातलं अर्धवट काम मी असं कसं फेकून देणार? मी विचारलं, 'आधीचा आकार जपून ठेवून नवा उघडू का?'

मास्तरांनी नेहमीप्रमाणे 'रद्द करा' दाबलं.

झालं! नवा आकार रद्द, जुना जागच्या जागी. कोपऱ्यात नंबर होता, त्या गृहस्थांचा. पण नंबर वाचतो कोण? करड्या रंगाचा एक डावा पाय समोर दिसला आणि मास्तरांनी तो मशीनला पाठवला. माझ्या तोंडात होता तो एकच प्रश्न. तो मी विचारला होता. आणखी काय करायला हवं होतं मी? बोंब मारायला हवी होती?

ताई पाय घालून बघायला आल्या. दोन दांड्यांच्या मधून चालल्या आणि तिसऱ्या पावलाला ओठ चावला. "हाडाला टोचतंय. आणि वर सैल वाटतंय."

मास्तरांनी आतून थोडं घासलं, दोन जाड मोजे चढवले. मॅडम म्हणाल्या, "सवय व्हायला वेळ लागतो. नवी चप्पलसुद्धा चावतेच ना?"

"चप्पल काढून हातात घेता येते," सासूबाई फटकन म्हणाल्या. "हिनं काय पाय हातात घेऊन केस कापायचे?"

पण महिनाअखेर तोंडावर आली होती. ताईच म्हणाल्या, "असू दे आई. घेईन मी सवय करून." आणि तो परका पाय घालून ती बाई कामावर उभी राहिली. दात खाऊन, दिवसचे दिवस. मॅडमनी सवय सांगितली होती ना, मग ती सवयच करत होती बिचारी!

परत आली ती सासूबाईंच्या खांद्याचा आधार घेऊन. हाडावरची कातडी सोलवटून जखम खोल गेलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, जखम पूर्ण भरेपर्यंत पाय चढवायचाच नाही. कितीतरी महिने लागतील म्हणाले. खुर्ची गेली. तिथे आता दुसरी कुणी उभी असते.

त्याच आठवड्यात ते गृहस्थ आपल्या पायाची चौकशी करायला आले. मास्तरांनी त्यांचा आकार उघडला, अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला. आणि बघता बघता मास्तरांचा हात थांबला. हाडाजवळचा तो उंचवटा त्यांनी ताईंच्या वाटीत आतून घासलेला होता. हाताची ओळख ती, विसरणार कशी? गृहस्थ गेल्यावर त्यांनी मॅडमना बोलावलं.

"मॅडम, ताईंना दिलेला साचा त्यांचा नव्हताच. आत्ता येऊन गेले त्या गृहस्थांचा होता. माझ्याकडून झालं."

मॅडमनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बाहेर बोललात तर तुमची नोकरी जाईल आणि माझं वर्कशॉप. प्रोग्रामनं घोळ घातला, एवढंच सांगायचं."

"पण मॅडम…"

"मास्तर, तुमच्याही घरी खाणारी तोंडं आहेत."

मास्तर उठून वाटीची कड घासायला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी ताई आणि सासूबाई आल्या. मॅडमनी चहा मागवला, चेहरा पाडला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. "ताई, कसं सांगू? कॉम्प्युटरनं घोळ केला. आकारांची अदलाबदल झाली. आम्ही तो प्रोग्राम काढूनच टाकतोय. जखम भरली की नवा पाय देऊ."

मास्तर जमिनीकडे बघत होते.

सासूबाई उसळल्या. "अहो, पण कुणी बघितलं कसं नाही?"

ताईंनी त्यांचा हात धरला. माझ्याकडे, म्हणजे त्या काचेकडे, जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाऊ द्या आई. माणसाची चूक असती तर दोन शब्द सुनावले असते, भांडले असते. यंत्राशी काय भांडायचं?"

मास्तरांनी मान वर केली. तोंड उघडलं. मॅडमनी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला. त्यांनी तो उचलला.

आता पानावरून 'आकार उघडा' पुसून टाकलंय. आकार थेट पानातच दिसतात. मला काढायचं मात्र राहून गेलं, त्यासाठीही कुणाला सवड नाही. मी इथेच आहे. हाक नाही, त्यामुळे उठणं नाही. मास्तर नव्या पानासमोर बसतात, चौकट आली की न वाचता रद्द करतात. माझा जीव जळतो.

माझं काय, मी तसाही मेलेलाच. पण ताई, तुम्हाला कुणीतरी एवढं सांगायला हवं होतं, की भांडा. चहा पिऊन उठू नका. त्या दाराच्या आत दोन माणसं होती, त्यांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत. खुर्ची परत मिळाली नसती कदाचित. पण तुमच्या हक्काचं ते भांडणसुद्धा त्यांनी माझ्या नावावर खपवलं.