सात नंबरच्या गाडीचा काटा

गोल्फ क्लबच्या शेडसमोर दुपारी तीनलाच ही गर्दी जमली होती. माळी, वेटर, ड्रायव्हर, चार-पाच मेंबर बायका, आणि सगळ्यांच्या पुढे हात जोडून खुद्द व्यवस्थापक साहेब. सात नंबरची बॅटरीवरची छोटी गाडी टेकडी चढून नुकतीच परत आली होती. चार्ज दाखवणारा तिचा काटा पार लाल खुणेवर लोळत होता. सीट उचलून ठेवलेली, खाली सहा बॅटऱ्या ओळीने, आणि त्यांच्यावर हातवाल्या बाबांचा गुबगुबीत तळहात.

"वायर नाही, प्लग नाही," बाबा डोळे मिटून म्हणाले. "विश्वाची ऊर्जा माझ्या टाळूतून शिरते आणि बोटांतून उतरते. मध्येच कुणी शिंकू नका, गळती होते."

अर्धा तास कुणी शिंकलं नाही. एका माळ्याने नाक दाबून धरलं, बिचाऱ्याचे डोळे लालबुंद झाले, पण शिंकला नाही. आणि काटा खरंच हलला! लाल सोडून पिवळ्यावर गेला, पिवळ्यावरून हिरव्याच्या तोंडाशी आला. वेटर ढसाढसा रडायला लागला. साहेबांनी बाबांचे बूट कपाळाला लावले. शहाणासुरता माणूस, पण बूट लावले.

गर्दीच्या मागे फडकं घेऊन एक बाई उभी होती. तिला सगळे पाणीवाली म्हणत. अकरा वर्षं ती या शेडमध्ये गाड्या चार्जिंगला लावायची, बॅटऱ्यांत पाणी भरायची, प्रत्येक गाडीचा चार्ज मोजून वहीत लिहायची. गेले तीन आठवडे मात्र ती संडास धूत होती. कारण बाबा क्लबात आले त्या पहिल्याच दिवशी ती बोलून गेली होती, "अहो, काटा तर नुसती गाडी उभी ठेवली तरी चढतो."

बाबांनी तिच्याकडे प्रेमाने बघितलं होतं. "या बाईचा हात जड आहे. ही शिवते, म्हणून तुमच्या गाड्या दमतात. लांब ठेवा."

झालं. साहेबांनी तिथल्या तिथे किल्ल्या काढून घेतल्या. आणि "बरोबर आहे बाबांचं" असं सगळ्यात मोठ्याने कोण म्हणालं असेल? तिचा नवरा. तोच सात नंबरची गाडी चालवायचा.

नवऱ्याला नऊ वर्षं साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन, ते तीच टोचायची. त्यात नव्या बुटाने अंगठ्याला फोड आला. बाबांनी त्याला सोफ्यावर आडवं केलं, पोटावर हात ठेवला आणि अर्ध्या तासाने विचारलं, "चढला ना काटा?"

"चढला, बाबा. एकदम हलकं वाटतंय."

"मग सुया कशाला? यंत्राला वायरची कुबडी लागते, ते बिचारं मुकं. माणसाला कुबडी कशाला?"

त्याच दिवशी औषधाच्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या. तिने त्या काढल्या, धुतल्या, हातापाया पडली. नवरा म्हणाला, "अगं, तू गाड्यांना लागलीस ते लागलीस, आता मला नको लागू." तेव्हापासून तो मोजा काढायचा तोही दार लावून. पण घरात वास यायला लागला होता, आणि तो कशाचा हे तिला कळत होतं. आता एक एक दिवस मोजायचा होता.

म्हणून आज ती पुढे आली.

"बाबा, एक विचारू? सकाळपासून उभी असलेली तीन नंबरची गाडी तुम्ही काल नको म्हणालात. रोज तुम्हाला आत्ताच आलेली गाडी का लागते?"

"ताजी वेदना लवकर कळते," बाबा हसून म्हणाले.

"बरं. मग हीच गाडी रोज संध्याकाळी चार्जिंगला लावायला सांगता, ती का? गाडीचा चार्जर चालू आणि माझ्या माणसाचं इंजेक्शन तेवढं बंद?"

गर्दी चपापली. साहेब ओरडले, "बाहेर काढा हिला!" पण एक मेंबर बाई खुर्ची ओढून बसल्या. "राहू द्या हो. काय म्हणते ते तरी ऐकू. मजा येईल."

मजाच हवी होती सगळ्यांना. पाणीवालीने तीच दिली. "सात आणि आठ, दोन्ही गाड्या लाल होईस्तोवर टेकडीवर पळवा. सातवर बाबा हात ठेवतील. आठवर मी हातसुद्धा लावणार नाही, नुसत्या शिव्या घालीन. हरले तर नोकरी सोडते, घरही सोडते."

"सोडच," नवरा म्हणाला. तो पायरीवर बसला होता. बूट पायात जात नाही म्हणून एका पायात चप्पल होती.

बाबा म्हणाले, आम्ही परीक्षा देत नाही. पण गर्दी त्यांच्याकडे अशी बघायला लागली, की त्यांना हात ठेवावाच लागला.

दोन्ही गाड्या धापा टाकत आल्या, दोन्ही काटे लालवर. बाबांनी डोळे मिटले. पाणीवाली आठ नंबरसमोर स्टुलावर बसली आणि सुरू झाली. "अगं आळशे! कामचुकार! टवळे! खायला काळ आणि भुईला भार! दिवसभर तुला काय म्हणून चारायचं गं, दोन पोती माणसं ओढताना जीव जातो तुझा?" ड्रायव्हर पोट धरून हसत होते. तिचा गळा बसला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती थांबली नाही. शेवटी शेवटी ती गाडीकडे बघतच नव्हती, नवऱ्याकडे बघून शिव्या देत होती.

अर्ध्या तासाने दोन्ही काटे हिरव्याच्या तोंडाशी आले. शिव्या खाल्लेला तर केसभर जास्तच!

"शिव्यांनी पण चढतो?" वेटरने विचारलं.

"कशानेच चढत नाही, दादा. गाडी धावून आली की काटा जास्तच खाली पडतो. उभी राहिली की आपोआप थोडा वर येतो. तुम्ही दमून आलात आणि टेकलात की बरं वाटतं ना, तसंच. म्हणून काय पोटात जेवण पडतं? तुम्ही हे कधी पाहिलं नाहीत, कारण गाडी आली रे आली की मी वायर लावायचे. वीज गेली की मला एकटीला दिसायचं."

तिने पिशवीतून काचेची नळी काढली. वर रबरी फुगा, आत तरंगणारी आकड्यांची छोटी पट्टी. बॅटरीतलं पाणी ओढायचं; बॅटरी भरलेली असेल तर पट्टी वर तरंगते, रिकामी असेल तर बुडते. तिने सातच्या बॅटऱ्या तपासल्या, आठच्या तपासल्या. सगळीकडे पट्टी तळाला.

"नळी खोटी असेल," साहेब पुटपुटले.

"असू दे. बसा सातमध्ये, बाबांना घेऊन. चढा टेकडी."

गाडी निघाली. पहिल्या वळणाला काटा लालवर पडला, दुसऱ्या वळणाच्या आधी गाडी थांबली. बाबांनी हात ठेवला, मग दोन्ही ठेवले. गाडी ढिम्म. खालून कुणीतरी ओरडलं, "बाबा, शिव्या घाला!" आणि बूट कपाळाला लावणारीच माणसं टाळ्या पिटायला लागली. बाबा मागच्या फाटकाने पळाले तेव्हा त्यांच्या पाठीवर चिखलाची ढेकळं बसत होती, आणि सगळ्यात नेमकं ढेकूळ साहेबांचं होतं. पाणीवालीला त्या ढेकळांत रस नव्हता.

ती पायरीशी आली, बसली आणि सगळ्यांदेखत नवऱ्याचा मोजा काढला. टाळ्या थांबल्या. मेंबर बाईंनी नाकाला रुमाल लावला. अंगठा काळा पडला होता, आणि काळं घोट्यापर्यंत चढलं होतं.

डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. "तीन आठवडे आधी आला असता तर मलमपट्टीवर भागलं असतं," ते म्हणाले. त्यांनी ते रागाने म्हटलं नाही, म्हणून तिला ते जास्त लागलं.

नवरा शुद्धीवर आला तेव्हा छताकडे बघत म्हणाला, "पण हलकं वाटलं होतं गं. खरंच वाटलं होतं."

"वाटणारच," ती म्हणाली. "अर्धा तास पडल्यावर कुणालाही वाटतं." आणि त्याच्या दंडाला इंजेक्शन टोचलं.

किल्ल्या तिला परत मिळाल्या. माफी कुणी मागितली नाही. साहेब आता सांगतात, मला पहिल्यापासून शंका होती. नवरा कुबडी भिंतीला टेकवून शेडमध्ये स्टुलावर बसतो, नळी उजेडात धरून आकडा सांगतो, ती वहीत लिहिते. परवा एक नवा ड्रायव्हर सांगत आला, पलीकडच्या वस्तीत एक ताई आल्यात, नुसत्या नजरेने दुखणं उतरवतात, लोकांना लगेच बरं वाटतं म्हणे.

नवऱ्याने नळी खाली ठेवली. "बरं वाटतं ते सोड. दुसऱ्या दिवशी मोजलं का कुणी? आठवड्याने मोजलं का?"



तुम्हीही हेच विचारा, बाबांनो. विचारायला ना पदवी लागते, ना धाडस. एक बाई संडास धुता धुता विचारत होती. आणि उद्या कुणी तुमच्यासमोर हात ठेवून काटा चढवून दाखवला, तर पाया पडायच्या आधी त्यालाच गाडीत बसवा आणि म्हणा, चढ टेकडी.