कांद्याला फसलेलं नाक

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या भिंतीवर जी पिवळी पडलेली डबी दिसते ना, ती मी. मला डोळे नाहीत. कानावर पडेल ते ऐकावं आणि वास ओळखावा, एवढंच माझं जगणं.

मला एका इंजिनिअर मुलीनं बनवलं. आई गेल्यावर तिचे बाबा घरात एकटेच उरले. सगळं आयुष्य पुस्तकांची बांधणी करण्यात गेलेला तो मानी माणूस. कॅमेऱ्याचं नाव काढताच म्हणाले, "माझ्यावर पाळत ठेवायला मी काय चोर आहे?" मग तिनं माझ्या पोटात वास टिपणारे सेन्सर बसवले आणि आठवडाभर मला शिकवलं. साबणाचा वास आला की अंघोळ, तापलेल्या कापडाचा आला की इस्त्री, फोडणीचा आला की स्वयंपाक. मी ओळखलं की तिच्या फोनवर तशी ओळ उमटायची.

बाबांनी माझं नाव ठेवलं चोंबड्या. सकाळी चहाचं आधण ठेवताना मला म्हणायचे, "कळव तिला, म्हातारा उठला."

रोज साडेबाराला खमंग वास यायचा आणि मी इमानेइतबारे कळवायचो, स्वयंपाक चालू. "माझी डबी कधी चुकत नाही," असं ती सगळ्यांना सांगायची. मीही फुशारून जायचो.

एका दुपारी ती न सांगता आली. तिनं कढईवरचं झाकण काढलं, मग डब्यांची झाकणं उघडली.

"बाबा, डबीत साठलेल्या पंधरा दिवसांच्या वासांच्या नोंदी पाहिल्या मी. रोज नुसता कांदा. भाताचा वास नाही, डाळीचा नाही. आणि हे तांदूळ तर मी भरून गेले तेवढेच आहेत."

बाबांनी तांदळाच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तुला काळजी नको म्हणून चमचाभर तेलात कांदा परतायचो. पोटाला चहा-बिस्किटं. एकट्यासाठी भात टाकायला हात उचलत नाही गं."

ती रागावली नाही. तिनं तांदूळ धुवायला घेतले. मी मात्र शरमेनं अर्धा झालो. माणूस माझ्या नाकासमोर उपाशी राहत होता आणि मी स्वयंपाक चालू म्हणून बढाया मारत होतो.

तेव्हापासून ती सुटीच्या दिवशी इथेच जेवते. एरवी ऑफिसात डबा उघडून बाबांना फोन लावते आणि दोघं बोलत बोलत जेवतात. बाबांच्या आवाजात आता जोर आला आहे.

माझं नाक मात्र थकलंय. परवा आईबरोबर आलेल्या नातीच्या नेलपॉलिशला मी दारू म्हणालो आणि बाबांची फुकट उलटतपासणी झाली.

मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्या घरी असेल, तर त्याच्यावरची धूळ अधूनमधून पुसा. पण घरचं माणूस आमच्या भरवशावर टाकू नका. चूल पेटली का, ते मी सांगेन. घास पोटात गेला का, हे समोर बसणाऱ्यालाच कळतं.