चिकटआत्याची पट्टी

आत्याला सगळी आळी चिकटआत्या म्हणायची. कंजूष म्हणून नव्हे हो, तिने लावलेली पट्टी निघायची नाही म्हणून. एका शेजाऱ्याच्या अंगठ्याला तिने पट्टी लावली. तो म्हातारा झाला, दात पडले, पट्टी जिथल्या तिथे. पटत नसेल तर सोडून द्या, पण पुढचं ऐका.

भाचीचा या आत्यावर भारी जीव. भाचीचा नवरा आणि भाऊ दोघे सुतार, एकाच शेडमध्ये कामाला. गिऱ्हाइकाच्या कपाटाचं दार उलटं बसलं, आणि चूक कोणाची यावरून दोघांनी अबोला धरला. भावाने 'दाजी' म्हणून हाक मारणंच टाकलं. एके दिवशी तो काम सोडून आपली हत्यारं न्यायला आला. आज हा गेला की माहेर तुटलं, या धास्तीने भाची शेडच्या दारातच आडवी उभी राहिली. तेवढ्यात लाकूड कोरायच्या एकाच पटाशीवर दोघांनी हक्क सांगितला, ओढाताण झाली आणि दोघांचेही अंगठे कापले. भाची धावत जाऊन आत्याला घेऊन आली.

पट्टी लावताना डोळे मिटायचे, हा आत्याचा कायदा. मिशीवाल्यांनाही सूट नाही. नवरा डोळे मिटून कुरकुरला, असल्या वरवरच्या मलमपट्टीने काय होतंय.

"पट्टी जखम भरत नाही रे बाबा," आत्या म्हणाली. "जखम आपली आपण भरते. पट्टी तिला खाजवू देत नाही, एवढंच."

डोळे उघडतात तर काय, दोन अंगठे एकाच पट्टीत! दोघांनी असा जोर लावला की छपराचे पत्रे थडथडले. पट्टी ढिम्म. दोघांनी एकदम हिसडा दिला तरच सुटेल, असं सांगून आत्या फळीवर बसली.

म्हणजे कोणीतरी तोंड उघडायला हवं. एक भिंतीकडे बघतोय, दुसरा भुशाकडे. भाचीला राहवेना, पण आत्याने तिला चिमटा काढून गप्प केलं.

शेवटी भाऊ खाकरला. "दाजी, तीन म्हटलं की ओढा."

"म्हण."

"एक... दोन..." तो अडला. "दार मीच उलटं बसवलं होतं, दाजी."

"माहीत आहे. बिजागऱ्या मीच उलट्या दिल्या होत्या."

तीन काही कोणी म्हटलं नाही. दोघे तसेच बांधलेले जेवायला बसले, डाव्या हाताने सांडलवंड करत. आत्याच्या पाया पडावं म्हणून भाची वळली, तर म्हातारी केव्हाच पसार.